नाटकाच्या नोट्स विकण्यापेक्षा मुलांना नाटक वाचू द्या

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

ठाणे स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'च्या नोट्स स्पायरल बांधून मिळतात. बीएची एक मुलगी आज त्या नोट्स, स्वतःचं उत्तर आणि नाटकाची प्रत असं तिन्ही घेऊन आली. उत्तरात चार थीम होत्या: स्त्रीवरचा अन्याय, समाजाचा ढोंगीपणा, पुरुषी वर्चस्व, एकाकीपणा. प्रत्येकीला चार ओळी आणि मग दीड पान गोष्ट. तिची प्रत चाळली तर दुसऱ्या अंकाच्या शेवटी समासात पेन्सिलने लिहिलं होतं, 'कडी बाहेरून कशी लागली? आधी पण कडीचं आलंय.'

उत्तरात कडीचा पत्ता नाही. का, तर म्हणे, "मॅडम, नोट्समध्ये नव्हतं ना."

या मुलीने नाटक वाचलं होतं. तेंडुलकरांनी पहिल्या अंकाच्या सुरुवातीलाच दाराच्या कडीवर बोलणं घातलंय, सहज बोलावं तसं. पुढे बेणारे, म्हणजे नाटकमंडळींनी वेळ घालवायला मांडलेल्या खोट्या खटल्यात आरोपी केलेली शिक्षिका, तिथून निघून जायला बघते आणि दार बाहेरून बंद असतं. हे तिचं तिला दिसलं होतं आणि आपण तिला शिकवलं की ते लिहायचं नसतं. संताप येतो तो याचाच.

'स्त्रीवरचा अन्याय' ही थीम होत नाही, तो नुसता विषय झाला. मुलांना पहिल्याच दिवशी एक कसोटी द्या. उत्तरातलं नाटकाचं नाव आणि पात्रांची नावं खोडायची. उरलेलं उत्तर दुसऱ्या एखाद्या नाटकाला तसंच्या तसं चालत असेल, तर ते उत्तर कुठल्याच नाटकाचं नाही. त्या स्पायरलमधली पानं कुठल्याही नाटकाला चालतील.

विषयाला क्रियापद जोडलं की थीम हाताशी येते. हे नाटक अन्यायाबद्दल नेमकं काय म्हणतं? 'खेळ म्हणून सुरू झालेला खटला त्या माणसांना एरवी बोलता न येणारं क्रौर्य बोलायची मुभा देतो.' हे झालं विधान. याच्याशी कुणी वाद घालू शकतो, म्हणजे ते सिद्ध करावं लागणार, म्हणजेच निबंधाला काम मिळालं. ज्या वाक्यावर सगळा वर्ग नुसती मान डोलावतो, त्यावर निबंध उभा राहत नाही.

तिथपर्यंत मुलांना न्यायचं कसं? पहिलं वाचन मोठ्याने, भूमिका वाटून, हातात पेन्सिल नको. रंगसूचनाही एकाने वाचायच्याच. वर्गात त्या सर्रास गाळल्या जातात आणि अर्धं नाटक तिथेच हातचं जातं. दुसऱ्या वाचनाला कोऱ्या पानावर तीन उभे रकाने, एकेका अंकाला एक. त्यांत फक्त तीन गोष्टी टिपायच्या: पुन्हा येणारी वस्तू किंवा शब्द, कोण कुणाला बोलू देत नाही, आणि कुठली गोष्ट उलटी होते. अर्थ लावायचा नाही, नुसतं टिपायचं. मुलांना अर्थाची फार घाई असते, ती इथे अडवावी लागते.

या नाटकात तिसऱ्या गोष्टीला सोनं सापडतं. बेणारेवर आरोप भ्रूणहत्येचा आणि शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर शिक्षा कुठली देतात, तर तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची. ज्या गुन्ह्यासाठी खटला, तोच गुन्हा निकालात! आरोपाची ओळ आणि निकालाची ओळ फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि गप्प बसा. मुलं बोलायला लागतात. मग विचारा, बचावाचा वकील कोण? सुखात्मेच. फिर्यादीचाही तोच. ज्यांच्यापासून बेणारेला दिवस गेलेत ते प्राध्यापक दामले तर सबंध नाटकात येतच नाहीत, त्यांचं नाव पुकारलं जातं तेवढंच. साक्षीला उभा केलेला गावातला सामंत साक्ष कुठून आणतो? हातातल्या कादंबरीतून. एवढं एका पानावर आलं की 'समाजाचा ढोंगीपणा' हे शब्द मुलं आपणहून खोडतात, कारण त्याहून नेमकं काही सापडलेलं असतं.

आता लिहिणं. चारशे शब्दांच्या उत्तराला एकच विधान आणि तीन परिच्छेद पुरतात. प्रत्येक परिच्छेदात आधी मुद्दा एका वाक्यात, मग जागा (कुठला अंक, कुठला प्रसंग), मग नाटकातले जास्तीत जास्त दहा शब्द आणि त्यानंतर किमान तीन वाक्यं 'यावरून कसं दिसतं' याची. मुलं घसरतात ती या शेवटच्या तीन वाक्यांत. लांब संवाद उतरवतात आणि 'यातून अन्याय दिसतो' म्हणून मोकळी होतात. तिथे प्रश्न विचारायचा: हेच वाक्य दुसऱ्या पात्राच्या तोंडी असतं तर? हाच प्रसंग पहिल्या अंकात असता तर? उत्तर द्यायला गेलं की ती तीन वाक्यं आपोआप तयार होतात.

त्या मुलीकडून आज हेच करून घेतलं. कडी, तिच्या दोन जागा, मधे काय बदललं. तिने लिहिलं की पहिल्यांदा कडीबद्दल बोलताना बेणारे मोकळी असते आणि दुसऱ्यांदा तिला कुणी मुद्दाम कोंडलेलंही नसतं, दार आपसूक लागतं, आत बसलेल्यांना ते सोयीचं पडतं. हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. खरंच सांगते, त्या एका वाक्यावरून तो नोट्सचा सगळा गठ्ठा ओवाळून टाकावा.

प्रस्तावना शेवटी लिहायची. नाटककाराचा जन्म, पुरस्कार, ग्रंथसंपदा हे सगळं गाळा. नाटक रंगायन या नाट्यसंस्थेने 1967 साली केलं, अरविंद देशपांडेंचं दिग्दर्शन, बेणारेच्या भूमिकेत सुलभाताई देशपांडे, हे मुलांना माहीत हवंच, पण उत्तरात ते मुद्द्याला लागून येत असेल तरच. बेणारेच्या स्वगताबद्दल लिहिताना मात्र रंगमंच डोळ्यांसमोर हवा. तिला निवेदनाला दहा सेकंद दिलेत, ती बोलते कितीतरी वेळ आणि तेवढा वेळ बाकीचे थिजलेले. म्हणजे ती बोलली हे कोर्टाने ऐकलंच नाही. नुसतं 'लांब स्वगत आहे' असं लिहिणाऱ्याला हे कळलेलं नसतं. म्हणून ठाण्यात गडकरी रंगायतनला किंवा वाशीला भावे नाट्यगृहात मुलांना कुठलंही नाटक दाखवायला न्याल, तेव्हा एकच काम द्या: कोण कुठे उभं आहे आणि कधी हललं, एवढंच बघा.

मान्य, पेपर तपासणारे चार ठळक मुद्दे शोधतात आणि नोट्सवाल्या मुलांना मार्क मिळतात. तर मग विधानातले कळीचे शब्द अधोरेखित करायला सांगा, परिच्छेदांना छोटी शीर्षकं द्या, तपासणाऱ्याला मुद्दे दिसतील. त्यासाठी मुलाचं स्वतःचं वाचन मारायची गरज नाही.

आणि वर्गात शंभर मुलं असताना हे जमत नाही, हेही खरं. मीही सगळ्यांचे निबंध पूर्ण तपासत नाही. आठवड्याला प्रत्येकाचा एकच परिच्छेद घेते, त्यातली 'कसं दिसतं'वाली तीन वाक्यंच वाचते आणि समासात एक प्रश्न लिहून परत देते. मुलाने तोच परिच्छेद पुन्हा लिहून आणायचा, नवा नाही. कुणाला रकान्यांचं पान हवं असेल तर कमेंटमध्ये सांगा, फोटो काढून टाकते.