चढाचे सोडा, उताराचे बोला

राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी सकाळी चहाचा दुसरा फेरा आला की कुणीतरी वादाला तोंड फोडतेच. परवा ते आबांनी फोडले. आबा 66 वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आणि गेली चार वर्षे नेमाने सायकल चालवणारे गृहस्थ. यंदा कार्तिकीच्या आधी साताऱ्याहून पंढरपूरला सायकलने एका दिवसात जायचे, असे त्यांनी जाहीर केले आणि त्यांची बशी खाली टेकायच्या आत डॉक्टरांनी नकाराची मान हलवली.

डॉक्टरांचा आक्षेप अंतराला होता तितकाच वाटेला होता. कोरेगाव सोडल्यावर वर्धनगडाचा घाट, पुढे पुसेगाव, दहिवडी, म्हसवड असा सव्वाशे किलोमीटरच्या वरचा पल्ला. त्यात माणदेशात सावली शोधून सापडत नाही आणि कार्तिकातला वारा बहुधा पूर्वेचा, म्हणजे नेमका छातीवर. या वयात हृदयाला एवढे जुंपू नये, असे त्यांचे म्हणणे.

गुरुजींना अशा वेळी पुरावा मांडल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी फ्रान्सच्या रोबेर मारशाँ यांचे उदाहरण काढले. 1911 साली जन्मलेल्या या गृहस्थांनी 2012 मध्ये, वयाच्या शंभरीत, एका तासात 24 किलोमीटरहून अधिक सायकल चालवली आणि दोन वर्षांनी तोच आकडा 26.927 किलोमीटरवर नेला. पुढे 2017 मध्ये, 105 वर्षांचे असताना, तासाभरात 22.547 किलोमीटर झाले, तेव्हा शेवटची दहा मिनिटे उरल्याची पाटी आपल्याला दिसलीच नाही, नाहीतर अजून जोर लावला असता, अशी त्यांची तक्रार होती. आबांना ही तक्रार फारच आवडली. डॉक्टर मात्र म्हणाले, "गुरुजी, ते बंदिस्त ट्रॅकवर चालवत होते. तिथे खड्डे नव्हते, उसाचे ट्रॅक्टर नव्हते आणि अंगावर येणारी कुत्रीही नव्हती. शिवाय एका माणसावरून गावाचा हिशेब करता येत नाही."

त्यावर गुरुजींनी 2018 साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला अभ्यास पुढे केला. 55 ते 79 वयाच्या 125 हौशी सायकलस्वारांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या स्नायूंची वयानुसार अपेक्षित असलेली झीज दिसली नाही आणि रोगप्रतिकारशक्तीच्या काही पेशी तर तरुणांइतक्याच तयार होत असल्याचे आढळले. येथे डॉक्टरांनी जे उत्तर दिले ते मला बिनतोड वाटले. त्या अभ्यासात पुरुषांना प्रवेशच मुळी साडेसहा तासांच्या आत 100 किलोमीटर सायकल मारता येत असेल तर होता, आणि त्यांतले बहुतेक जण आयुष्यभर सायकल चालवत आलेले होते. म्हणजे जी झाडे तगली तीच मोजली गेली. साठीनंतर खोगीर चढवणाऱ्याला त्यातून उमेद मिळेल, हमी मिळणार नाही.

आबा आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "यवतेश्वरच्या चढालासुद्धा माझे ठोके 115 च्या वर जात नाहीत. 220 मधून वय वजा केले तर मला 154 पर्यंत मुभा आहे." डॉक्टरांना हसू आवरेना. रक्तदाबासाठी आबा जी गोळी घेतात ती बीटा ब्लॉकर प्रकारातली असून ठोके दाबून ठेवणे हे तिचे कामच आहे. तेव्हा त्या आकड्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा चढावर शेजारच्याशी सलग वाक्य बोलता येते का, हे आबांनी पाहावे, असा सल्ला त्यांनी दिला. आमच्यात सर्वांत धाकटे असलेले बापू 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला पुरा करायची सायकलफेरी, एकदा पूर्ण करून आलेले आहेत. तिथे साडेतेरा तासांची मुदत असते, नंबर कुणाचाच काढत नाहीत, पण चहाला थांबलात तरी घड्याळ चालूच राहते, असे त्यांनी सांगितले. आबांचा भाकरीचा एक थांबा पाऊण तासाचा असतो, हे कट्ट्यावर सर्वांना ठाऊक आहे.

इतका वेळ सगळे चढावर, हृदयावर आणि अंतरावर बोलत होते आणि मला तेच खटकत होते. चढावर माणूस दमतो, उतरतो, सायकल ढकलतो. तिथे वेग ताशी सहा-सात किलोमीटर असल्याने पडलाच तर गुडघा खरचटतो. दोन वर्षांपूर्वी कासहून परतताना मी पडलो तो उतारावर. यवतेश्वरच्या घाटात बराच वेळ दोन्ही ब्रेक आवळून धरल्याने माझी बोटे बधिर झाली होती. एका वळणाच्या आतल्या अंगाला पावसाने वाहून आणलेली बारीक खडी पसरलेली दिसली तेव्हा बोटांनी मेंदूचे ऐकायला क्षणभर उशीर केला, मग पुढचा ब्रेक एकदम दाबला गेला आणि चाक सरकले. मनगट मोडले, सहा आठवडे प्लॅस्टर. त्या निमित्ताने हाडांची तपासणी झाली तेव्हा ती अपेक्षेपेक्षा विरळ निघाली, आणि याचे मला मोठे नवल वाटले, कारण मी तर रोज व्यायाम करणारा माणूस. सायकलवर शरीराचा भार सीट घेते, पायांच्या हाडांना चालताना बसतो तसा दणका बसत नाही, त्यामुळे फुप्फुसे आणि मांड्या तयार होत असल्या तरी हाडांना त्याचा फारसा लाभ नाही, हे तेव्हा कळले. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मी अजिंक्यतारा पायी चढतो आणि थोडी वजनेही उचलतो.

आबा आता गंभीर झाले. एसटीत घाटाचा नियम असा, की गाडी ज्या गिअरमध्ये चढवली त्याच गिअरमध्ये उतरवायची, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते. सायकलला धरणारे इंजिन नसते, सगळा भार ब्रेकवर येतो, हे त्यांनीच आम्हाला समजावून सांगितले. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात ब्रेकला हात लावू नये, आणि लांब उतारावर ब्रेक सतत आवळण्याऐवजी दाबून सोडत राहावे, नाहीतर रिम तापते. बापू तेवढ्यात उठून आबांच्या सायकलपाशी गेले आणि त्यांनी ब्रेकचे रबर नखाने दाबून पाहिले. ते दगडासारखे कडक झाले होते, वरच्या खाचा झिजून सपाट, आणि एका बाजूला तर धातू रिमला टेकायच्या बेतात. तीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या माणसाची ही सायकल!

पुढच्या रविवारी आबा नवे रबर बसवून आले. ट्रेडमिल टेस्टची वेळ त्यांनी बुधवारची घेतली आहे. म्हसवडला सिद्धनाथाच्या गावी रात्रीचा मुक्काम करून पल्ला दोन दिवसांत करावा, हा डॉक्टरांचा तोडगा त्यांना अजून मान्य नाही. पण मुक्कामाला येणार असाल तर मोटार घेऊन मागोमाग येतो, असे डॉक्टर म्हणाल्यावर आबांनी पहिल्यांदाच लगेच उत्तर दिले नाही.