पाळणा चुकला, पण अर्धाच

‘जुळे सोलापूरकर’ यांना नमस्कार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की रॉकेट सुटताना अंतराळवीराला गड्ड्यातल्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या) मोठ्या पाळण्यात वर चढल्यासारखं वाटत असणार. त्यावर तुम्ही लिहिलंत, "होम मैदानावरच्या पाळण्यात बसून अंतराळ सांगणं म्हणजे कंबर तलाव बघून समुद्राच्या गप्पा. तिथं ताशी २८,००० किलोमीटरच्या वेगानं छाती चेपते. आणि वर गुरुत्वाकर्षण संपतं म्हणून माणूस तरंगतो, हे शाळेतलं पोरगंही सांगेल." तलावाचा टोला झकास बसला, मान्य. उरलेल्या दोन वाक्यांवर मात्र भांडायचंय.

आधी माझी चूक. पाळणा चढताना आपण दांडीला धरून, इकडंतिकडं बघत बसलेलो असतो. अंतराळवीर पाठीवर उताणा, गुडघे वर, पट्ट्यांनी आवळलेला, आणि तसाच दोन-अडीच तास वाट बघत. म्हणून डायपर. (१९६१ मध्ये अ‍ॅलन शेपर्ड यांना तो दिलेलाच नव्हता. पंधरा मिनिटांची तर भरारी! पण उड्डाणाची वेळ लांबत गेली आणि शेवटी सूटमध्येच मोकळं व्हावं लागलं. सुटेपर्यंत कपडे वाळले होते, असं अमेरिकेच्या या पहिल्या अंतराळवीरानं नंतर सांगितलं.) उताणं झोपवायचं कारण साधं आहे. रॉकेट वेग घेताना अंगावर दाब येतो. बसलेल्या माणसावर तो आला तर रक्त डोक्यातून पायांकडं उतरतं आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. उताण्या माणसाचा दाब छातीतून पाठीकडं जातो, तो सोसतो.

मग सुटण्याला पाळण्याची नाही तर कशाची उपमा द्यायला हवी होती? यंत्रमागाच्या कारखान्याची. माझे वडील साखर पेठेत मागावर होते. दुपारी डबा घेऊन गेलं की दारातच तो खडखडाट कानाआधी पायांतून चढायचा. खिडकीत ठेवलेला पाण्याचा स्टीलचा पेला आपोआप सरकत कडेला यायचा, आणि कुणीतरी न बघताच त्याला परत आत ढकलायचं. बोलणं सगळं ओठांवरून. आणि मध्येच लाईट गेली की सगळे माग एकदम थांबायचे. त्या शांततेत आपलंच शरीर अजून थरथरतंय असं वाटायचं.

अमेरिकेच्या स्पेस शटलमधून गेलेल्यांनी सांगितलेला क्रम जवळपास असाच आहे. दोन्ही बाजूंचे घन इंधनाचे बूस्टर एकदा पेटले की विझवता येत नाहीत. ते जळतात ती पहिली दोन मिनिटं दात वाजावेत असा हादरा. ते सुटून पडले की एकदम मऊ प्रवास. मग वजन हळूहळू वाढत जातं, शेवटी तिप्पट. सत्तर किलोच्या माणसाला आपण दोनशे दहा किलोचे आहोत असं वाटतं, आणि श्वास आत ओढणं हेच एक काम होऊन बसतं. साधारण साडेआठ मिनिटांनी इंजिनं बंद. लाईट गेली! (शटल म्हणजे मुळात मागावरचा धोटाच की. इकडून तिकडं, तिकडून इकडं. नाव ठेवणाऱ्याला सोलापूर माहीत नसणार, पण धोटा माहीत होता.)

प्रत्येक रॉकेटची चाल वेगळी, हेही मी लिहायला हवं होतं. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा बैकोनूरच्या तळावरून ज्या सोव्हिएत सोयूझ यानातून गेले, त्यात रॉकेटचा जळून संपलेला टप्पा सुटला की गचका बसतो. २०२० मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या क्रू ड्रॅगन यानातून पहिल्यांदा गेलेले अमेरिकी अंतराळवीर बेन्केन आणि हर्ली दोघंही शटलमधून जाऊन आलेले होते. वरच्या टप्प्यात शटलसारखा मऊपणा नव्हता, यान शेवटपर्यंत धुसफुसत राहिलं असं त्यांचं म्हणणं. २५ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला गेले ते त्याच जातीच्या यानातून.

आता तुमचा वेग. वेग अंगाला कळत नाही हो. पृथ्वीच्या फिरण्यामुळं आपलं सोलापूर या क्षणी ताशी सुमारे १,५९० किलोमीटरनं पूर्वेकडं पळतंय, तरी सिद्धेश्वराच्या तळ्यातलं पाणी त्यानं हिंदकळत नाही. छाती चेपते ती वेग वाढत असताना. कक्षेत पोचल्यावर तेच २८,००० कायम असतात आणि पेन्सिल हवेत तरंगते.

आणि गुरुत्वाकर्षण. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, तिथं ते जमिनीवरच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतं. ते नसतं तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. तिथली माणसं तरंगतात कारण ती यानासकट सतत पडत असतात, फक्त आडवा वेग इतका की पृथ्वीची गोलाई खालून वळत जाते आणि पडणं संपत नाही.

इथं माझा पाळणा परत येतो. वरच्या टोकावरून खाली येताना पोटात गोळा येतो ना? इंजिन बंद झाल्यावर तोच गोळा येतो, पण पाळणा खाली पोचतच नाही. सोयूझमध्ये दोरीला टांगलेलं खेळणं तेव्हा सैल होऊन भटकायला लागतं. शुक्लांच्या यानात ‘जॉय’ नावाचा छोटा खेळण्यातला हंस होता. कानातला तोल गोंधळतो, काहींना आपण उलटे टांगलोय असं वाटतं, रक्त डोक्याकडं सरकून चेहरा सुजतो. १९६१ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर तितोव यांना पहिल्यांदा मळमळ झाली, आणि पुढं निम्म्याहून जास्त जणांना होत आली आहे. गड्ड्यात पाळण्यातून उतरून भज्यांच्या गाड्यामागं उभी राहणारी पोरं आठवा.

मूळ लेखात ‘पाळणा वर चढताना’ खोडून ‘वरून खाली येताना’ केलंय आणि खाली ‘दुरुस्ती: जुळे सोलापूरकर यांच्या प्रतिक्रियेवरून’ असं टाकलंय. नाव नको असेल तर कळवा, काढतो. तलावाचं वाक्य मात्र राहू देणार आहे.