आकडा गुन्ह्यांचा नाही, नोंदींचा आहे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) वार्षिक अहवालावरून राज्यांची क्रमवारी लावणारा हा लेख वाचून राहवलं नाही. हा विभाग स्वतः तपास करत नाही. पोलीस ठाण्यांत जे दाखल होतं तेच जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी दिल्लीला पोचतं. म्हणून केरळचा गुन्हेदर (दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे) जास्त दिसतो तेव्हा तिथली माणसं वाईट ठरत नाहीत, तिथे तक्रार लिहून घेतली जाते हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

माझंच सांगते. एसटीत चढताना पर्समधला मोबाईल चोरीला गेला. ठाण्यात दोन तास बसवलं आणि शेवटी हातात 'गहाळ' झाल्याचा दाखला दिला. चोरी झालीच नाही! अहवालात माझा मोबाईल कुठे सापडणार?

त्यात मुख्य गुन्ह्याचा नियम. एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर मोजणी फक्त त्यातल्या सर्वांत गंभीर गुन्ह्याची होते. बायकांवरच्या अत्याचारांचं चित्र यामुळे किती पुसट होतं, हे लेखकाने एका ओळीत तरी सांगायला हवं होतं.

आणि उशीर! 2023 चा अहवाल 2025 च्या सप्टेंबरअखेर आला. 1953 पासून चालत आलेलं हे काम मोलाचं आहे, मी त्यातले तक्ते दरवर्षी बघते. पण लोकसंख्या अजून 2011 च्या जनगणनेवरून अंदाजलेली धरायची आणि वर राज्यांचे नंबर लावायचे, हे मला पटत नाही.