पाकिटात किती आहे?

मागच्या महिन्यात मामेभावाचा फोन आला तो एका भांडणाची बातमी घेऊनच. त्याच्या ओळखीतल्या एका तरुण व्हायोलिनवादकाने कार्यक्रम ठरवतानाच आयोजकांना विचारलं, "मानधन किती देणार?" आयोजक दुखावले. त्यांनी ते चार लोकांत बोलून दाखवलं आणि तिथून दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, कला ही साधना आहे, एवढं व्यासपीठ मिळतंय तर आधीच आकड्याची भाषा शोभत नाही. दुसरा तट म्हणतो, म्हणूनच आपल्याकडे कलाकारांची परवड होते. परदेशात बघा, तिथे कलेची किंमत आहे. आणि उदाहरण म्हणून माझं नाव पुढे आलं, कारण मी न्यूयॉर्कमध्ये जॅझ ट्रॉम्बोन वाजवून पोट भरतो.

भाऊ म्हणाला, "तूच सांग आता त्यांना." फोनवर मला धड काही सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

साधनेबद्दल माझं काही भांडण नाही. ट्रॉम्बोनला पट्ट्या नसतात, पडदे नसतात. उजव्या हाताने सरकवायची एक नळी, म्हणजे स्लाइड, तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सात जागा, आणि बाकी सगळं ओठ, श्वास आणि कान. हात पूर्ण लांब करून सातव्या जागेवर षड्ज धरला, तर नळी आत घेत घेत तीव्र मध्यमापर्यंतची मींड एका श्वासात घेता येते. त्यापुढे जायचं तर ओठ बदलावे लागतात, आणि तो सांधा ऐकू येऊ न देणं यात वर्षं जातात. रोज सकाळी स्लाइडला क्रीम, त्यावर पाण्याचा फवारा, मग तासभर नुसते लांब सूर. तीन दिवस खंड पडला तर चौथ्या दिवशी ओठ ऐकत नाहीत. हे सगळं मी आनंदाने करतो आणि त्याचे पैसे कुणी द्यावेत असं मला वाटत नाही.

मला बोलायचंय ते दुसऱ्या तटाशी. ती माझी माणसं आहेत, आणि त्यांची चूक मला जास्त महाग पडताना दिसते.

परवाचीच रात्र सांगतो. तळघरातला क्लब, चाळीसेक खुर्च्या, पाच वादक, दोन सेट. दुसऱ्या सेटमध्ये आम्ही एक संथ चाल घेतली. बासवाला इतका कमी वाजवत होता की त्याच्या दोन सुरांमधल्या जागेत मला माझाच श्वास ऐकू येत होता. मी आवाज दाबणारा म्यूट काढला, ट्रॉम्बोनचं तोंड खाली केलं आणि जवळजवळ बोलल्यासारखा वाजवत राहिलो. संपल्यावर क्षणभर कुणी टाळ्याच वाजवल्या नाहीत. या वर्षातलं माझं सर्वांत चांगलं वादन ते. रात्री साडेबाराला आमच्या पियानोवाल्याने बारच्या टोकाशी उभं राहून नोटा मोजल्या. प्रत्येकाच्या वाट्याला 75 डॉलर आले. त्या खोलीत कलेवरचं प्रेम कमी होतं असं कोण म्हणेल?

माझं घरभाडं भरतो तो ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कमधली मोठी व्यावसायिक थिएटरं. तिथल्या संगीतिकांच्या वाद्यवृंदात मी 'सब' म्हणून जातो, म्हणजे नेमलेला वादक सुट्टीवर असला की त्याच्या खुर्चीत मी. आधी त्याच्या शेजारी बसून पूर्ण प्रयोग बघायचा, त्याच्या स्वरलिपीची प्रत घरी घोटायची, आणि मग एके दिवशी तालमीशिवाय थेट प्रयोगालाच बसायचं. पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, जागा इतकी अडचणीची की सातव्या जागेवर हात गेला तर पुढच्याचा स्टँड लागतो. म्हणून नेमका कुठे तिरका बसलो तर नळी मोकळी जाते, हेसुद्धा स्वरांबरोबर पाठ करावं लागतं. प्रेक्षकांना आम्ही दिसत नाही. खाली ट्रॉम्बोन वाजतोय हे त्यांतल्या बहुतेकांच्या ध्यानातही येत नसेल. पण त्या अडीच तासांचा दर लेखी आहे. त्याला इथे 'स्केल' म्हणतात. त्याच प्रयोगात बास ट्रॉम्बोनही हातात घ्यावा लागला तर जादा पैसे. पेन्शन आणि आरोग्य विम्याचा मालकाचा वाटा वर वेगळा. मी कोण, कुठला, मला किती दाद मिळाली, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही.

म्हणजे जिथे माझ्या कलेवर जीव टाकणारी माणसं बसतात तिथे पैसे नाहीत, आणि जिथे मी कुणाला दिसतही नाही तिथे आहेत. 'परदेशात किंमत आहे' म्हणणाऱ्यांनी एवढं एक लक्षात घ्यावं. किंमत आपोआप आलेली नाही. ती ठरवून घेतलेली आहे, आणि जिथे ठरवून घेता आली नाही तिथे ती इथेही नाही.

ठरवून कशी घेतली, तेही सांगायला हवं. 1942 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन वादकांच्या युनियनने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. रेडिओवर आणि ज्यूकबॉक्सवर तबकड्या वाजायला लागल्या तेव्हापासून वादकांचं प्रत्यक्ष काम जात होतं. म्हणून तबकडीच्या विक्रीतला वाटा वादकांसाठीच्या निधीत द्या, अशी मागणी होती. डेक्का कंपनी वर्षभराने नमली, व्हिक्टर आणि कोलंबिया 1944 च्या नोव्हेंबरपर्यंत ताणून बसल्या. याची किंमत जॅझने मोजली. बीबॉप ही जॅझची नवी, वेगवान शैली जन्माला येत होती ती नेमकी याच काळात, आणि तिची पहिली पावलं फारशी मुद्रितच झाली नाहीत. ते संगीत आता कुणालाच ऐकता येणार नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. तरीही मी संपाच्याच बाजूने आहे.

दुसरा प्रसंग 2003 च्या मार्चमधला. ब्रॉडवेच्या प्रत्येक थिएटरात किमान किती वादक हवेत हे करारात लिहिलेलं असतं. निर्मात्यांना ती अटच काढून टाकायची होती, आणि वादक नसतील तर यंत्रावर वाद्यवृंद वाजवायची तयारीही होती. वादक संपावर गेले. नट आणि रंगमंच कामगारांनी थिएटरबाहेरची संपकऱ्यांची रांग ओलांडून कामावर जायला नकार दिला आणि चार दिवस संगीतिका बंद पडल्या. तडजोडीत मोठ्या थिएटरांतला आकडा 24 ते 26 वरून 18-19 वर आला. हे यश की अपयश यावर पिटातली जुनी माणसं अजून वाद घालतात. मला एवढंच दिसतं की त्या 18 खुर्च्यांपैकी एका खुर्चीत कधीतरी मी बसतो.

जॅझ क्लबांमध्ये मात्र हीच युनियन पेन्शनसाठी कित्येक वर्षं मोहीम चालवूनही फारशी पुढे सरकलेली नाही. कारण अगदी साधं आहे. आज मी एकाच्या बँडमध्ये, उद्या दुसऱ्याच्या, परवा माझा स्वतःचा. मालक कोण हेच ठरत नाही. आणि मी 75 डॉलरला नाही म्हटलं तर हो म्हणणारे दहा चांगले ट्रॉम्बोनवाले याच शहरात आहेत. मी नाही म्हटलं नाही.

ज्यांना हे फक्त माझ्यासारख्या किरकोळ वादकाचं रडगाणं वाटेल, त्यांनी जे. जे. जॉन्सनचं आयुष्य बघावं. बीबॉपच्या वेगात ट्रॉम्बोन वाजवून दाखवणारा हा माणूस. ऐकणाऱ्यांना वाटायचं, हा स्लाइडचा नव्हे, कळा दाबून वाजवायचा व्हॉल्व्हचाच ट्रॉम्बोन असणार. आज आम्ही सगळे त्याच्याच सावलीत वाजवतो. तो 1952 ते 1954 स्पेरी कंपनीत आराखडे तपासायची नोकरी करत होता, कारण वादनावर घर चालत नव्हतं. मेल्बा लिस्टन ही दुसरी मोठी ट्रॉम्बोनवादक आणि संगीतरचनाकार. तिनेही काही काळ लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी केली. दोघंही परत आले म्हणून आपल्याला ठाऊक आहेत.

आणि परदेशातून आलेल्याला ती नोकरीही करता येत नाही. पहिली सहा वर्षं मी ओ-वन व्हिसावर होतो. असाधारण गुणवत्तेच्या कलाकारांचा म्हणून तो ओळखला जातो. त्यावर फक्त स्वतःच्या क्षेत्रातलं काम करायची मुभा. हात रिकामे असले तरी दुकानात उभं राहता येत नाही. अर्जासोबत पुढच्या तीन वर्षांची कामं कागदावर दाखवायची, शिवाय वादकांच्या युनियनचं मतही जोडायचं. एका जानेवारीत माझी चार कामं एका आठवड्यात रद्द झाली. तो महिना मी मुलांना शिकवून आणि मित्राच्या सोफ्यावर झोपून काढला. इकडे येऊ पाहणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आता घराकडे बघू. 'आपल्याकडे ही संस्कृतीच नाही' हे वाक्य मला सहन होत नाही, कारण ते खोटं आहे. 1935 मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकी वादकाचा जॅझ बँड मुंबईच्या ताज हॉटेलमध्ये वाजवायला आला. त्यानंतरच्या काळात गोव्याच्या वादकांनी जॅझ इतकं आपलंसं केलं की पुढे हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद त्यांच्याच खांद्यावर उभे राहिले. 'अलबेला'तला चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आठवा. तिथला प्रत्येक ट्रॉम्बोन, प्रत्येक सॅक्सोफोन माणूस वाजवत होता. त्या वादकांची सिने म्युझिशियन्स असोसिएशन होती, वादकांच्या श्रेणी होत्या, श्रेणीप्रमाणे दर होते. म्हणजे 'स्केल' मुंबईतही होतं. पुढे सिंथेसायझर आले, शंभर माणसांचं काम एका खोलीत व्हायला लागलं, आणि रेकॉर्डिंगमध्ये किमान किती माणसं हवीत असं सांगणारा कागद कुठेच नव्हता. वाद्यवृंद विरघळला तो रसिकांची आवड उतरली म्हणून नव्हे.

कायद्यातही आपण मागे नाही. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने सादरकर्त्याला, म्हणजे गायकाला तसंच वादकालाही, त्याच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला. अमेरिकेत आजही साधं एफएम रेडिओ स्टेशन गीतकार-संगीतकाराला पैसे देतं, वाजवणाऱ्याला एक सेंटही नाही. इंटरनेटवरच्या रेडिओतून मिळतात, त्यातही माझ्यासारख्या मागे बसणाऱ्या सगळ्यांचा मिळून वाटा 5 टक्के. आपल्या गायकांनी संघटना करून तो हक्क मागायला सुरुवात केली. वादकांनी तेवढ्याच आवाजात मागितल्याचं मला दिसत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

मला वाटतं, आपल्याला अडवतात ते आपले शब्द. 'बिदागी' म्हणजे निरोप देताना दिलेलं. 'मानधन' म्हणजे मान राखायला दिलेलं. दोन्ही शब्द देणाऱ्याच्या बाजूने बोलतात. किती द्यायचं हे त्याच्या मनावर. सुंदर शब्द आहेत, ते टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण त्यांच्यामुळे त्या व्हायोलिनवाल्या मुलाचा साधा प्रश्न उर्मटपणा ठरला. पाकीट घरी जाऊन उघडायचं, आयोजकांसमोर नाही, हा शिष्टाचार मलाही लहानपणी शिकवला होता. पाकीट बंद असेपर्यंत सगळेच सभ्य राहतात, आणि त्यात काय असणार हे एकट्या देणाऱ्याला माहीत असतं. त्या मुलाने पाकीट आधी उघडलं, एवढंच. त्याने ठीक केलं.

गेल्या हिवाळ्यात मी घरी आलो होतो तेव्हा एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं. मी आयोजकांना म्हटलं, आम्ही चौघं आहोत, चौघांचे आकडे आधी लिहून पाठवा. ते म्हणाले, "तुमचं आम्ही व्यवस्थित बघू हो, साथीदारांचं तुम्ही बघून घ्या." मी पुन्हा तेच म्हटलं. दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री फोनवर मेसेज आला: चार नावं, नावापुढे चार आकडे. मी तो तसाच बाकी तिघांना पाठवला. ड्रमवाले काका बावीस वर्षं कार्यक्रम करतायत. त्यांचा लगेच फोन आला.

"हे नक्की ना?"

"नक्की. लेखी आहे."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं, मग विचार त्यांना, ड्रम न्यायच्या टेम्पो गाडीचे पैसे यात धरलेत की वेगळे?"

विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत पाचवी ओळ आली.