‘काकूंनी फसवलं’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाच्या मालकिणीचं उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री दुकान बंद करता करता वाचला. आधी माफी मागते. फोनवर माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. पैसे परत मिळायला 11 दिवस लागले, तेही फार झाले. 118 डॉलरमधले 3 डॉलर 54 सेंट कापून उरलेले तुमच्याकडे आले. ते कार्ड कंपनीने घेतले, आमच्या गल्ल्यात आले नाहीत, पण गेले तुमच्याच खिशातून. त्याबद्दल मनापासून सॉरी.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुम्ही काय लिहिलंय ते थोडक्यात सांगते. तुम्ही न्यू जर्सीत राहता. आमचं बागकामाच्या सामानाचं दुकान मॅसॅच्युसेट्समध्ये. वेबसाइटवरून तुम्ही गांजाच्या फेमिनाइज्ड, म्हणजे जवळजवळ सगळी मादी झाडं देणाऱ्या, बियांची दोन पाकिटं मागवलीत. पैसे कापले गेले आणि दोन दिवसांनी मी ऑर्डर रद्द केली. त्यावर तुमचं म्हणणं असं की न्यू जर्सीत गांजा 2021 पासून कायदेशीर आहे, चौकाचौकात दुकानं आहेत, तरी काकू घाबरट, वर लेक्चर देतात. शेवटी लिहिलंय, ‘मराठी माणूस म्हणून विश्वास ठेवला आणि फसवणूक झाली.’

घाबरट म्हणा, चालेल. लेक्चरबद्दलही तुमचं थोडं खरं आहे. पण ‘फसवणूक’ हा शब्द वाचल्यापासून मला झोप लागलेली नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे आणि ते मी फोनवरही मान्य केलं होतं. न्यू जर्सीच्या मतदारांनी नोव्हेंबर 2020 मध्ये कौल दिला, फेब्रुवारी 2021 मध्ये कायद्यावर सही झाली आणि 21 एप्रिल 2022 ला सगळ्या प्रौढांसाठी विक्री सुरू झाली. 21 वर्षांवरच्या माणसाने 6 औंसांपर्यंत, म्हणजे जवळजवळ 170 ग्रॅम, जवळ बाळगलं तर कोणी काही म्हणत नाही. पण त्याच राज्यात घरी एक रोपही लावता येत नाही. औषध म्हणून गांजा घ्यायचं कार्ड असलेल्या पेशंटलासुद्धा नाही. लावलं तर तो साधा दंड भरून सुटण्याचा मामला नाही. तिसऱ्या दर्जाचा गंभीर गुन्हा, 3 ते 5 वर्षं कैद आणि 25,000 डॉलरपर्यंत दंड. विकत घेतलेला माल कपाटात ठेवा, पण कुंडीत कोंब आला की गुन्हेगार! मलाही हा कायदा पटत नाही. पण माझ्या पटण्या-न पटण्याने तुमच्या दारात आलेला पोलीस परत जाणार नाही.

तुम्ही म्हणालात, बी तर कायदेशीर आहे, डीईएनेच, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्यानेच, सांगितलंय. तेही खरं. 2018 च्या फार्म बिलाने, म्हणजे केंद्राच्या शेती कायद्याने, 0.3 टक्क्यांपर्यंत टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेल्या मालाला हेंप, म्हणजे कायद्याने चालणारा माल, म्हटलं. बियांमध्ये टीएचसी जवळपास नसतंच, त्यामुळे झाड पुढे कितीही कडक होणार असलं तरी बी हेंपच ठरतं, असं डीईएने जानेवारी 2022 च्या एका पत्रात मान्य केलं. आमच्यासारखी दुकानं त्या पत्राच्या आधारावर उभी आहेत. पण ते पत्र बियांबद्दल आहे. बी ओल्या टिशू पेपरमध्ये ठेवलं, दोन-चार दिवसांत पांढरं मूळ बाहेर आलं, की केंद्राच्या पत्राचा विषय संपतो आणि तुमच्या राज्याचा कायदा सुरू होतो.

राज्याराज्यांत याचा नुसता गोंधळ आहे. आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये डिसेंबर 2016 पासून माणशी 6 रोपं आणि घरात जास्तीत जास्त 12, तीही कुलपात आणि रस्त्यावरून दिसणार नाहीत अशी. कनेक्टिकटमध्ये जुलै 2023 पासून माणशी 3 मोठी आणि 3 लहान, पण घराच्या आतच. न्यूयॉर्कमध्ये दुकानांची परवानगी 2021 च्या कायद्याने आली, पण सर्वसाधारण प्रौढांना घरी लावायला जून 2024 उजाडला. डेलावेअरने 2023 मध्ये गांजा कायदेशीर केला, घरी लावणं नाही. वॉशिंग्टन राज्य तर 2012 मध्ये देशात पहिलं मत देणाऱ्यांपैकी, तिथे आजही मेडिकलशिवाय घरी रोप चालत नाही. पेनसिल्व्हेनियात पेशंटलाही नाही. ‘माझ्या राज्यात गांजा लीगल आहे’ आणि ‘माझ्या राज्यात गांजा लावता येतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रोज किमान एक गिऱ्हाईक मला त्या एकच समजून फोन करतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती. तुमच्या रिव्ह्यूमध्ये असं वाटतं की मी पत्ता बघितला आणि काही न विचारता ऑर्डर उडवली. तसं झालेलं नाही. ऑर्डरच्या चिठ्ठीत तुम्ही ‘संग्रहासाठी’ लिहिलं होतं. असे गिऱ्हाईक असतात, बिया डबीत जपून ठेवणारे, म्हणून मी ऑर्डर लगेच रद्द न करता तुम्हाला फोन केला. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात की बेसमेंटमध्ये किती वॉटचा दिवा लागेल. दुसरा, वास बाहेर जाऊ नये म्हणून कुठला फिल्टर घ्यावा. हे ऐकल्यावर मी पाकीट पाठवणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणं झालं असतं. मी नाही म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, आतेभावाचा पत्ता मॅसॅच्युसेट्सचा आहे, तिकडे पाठवा, शनिवारी गाडी घेऊन येतो. तेव्हा माझा आवाज चढला. तुम्ही हे सगळं मला सांगितलं नसतंत तर कदाचित पाकीट गेलंही असतं. पण सांगितल्यावर मला ते न ऐकल्यासारखं करता येत नाही. रिव्ह्यूमध्ये यातलं एक अक्षर नाही याचं वाईट वाटलं.

भांगेचंही तुम्ही बोललात. महाशिवरात्रीला भांग पिणारी आपण माणसं, आपल्याला काय कायदा शिकवता. तर ऐका. मी शिरपूरकडची. आमच्या भागात तुरीच्या, उसाच्या ओळींमध्ये गांजा लावलेला सापडला, ही बातमी नवीन नसते. लहानपणी आमच्या बांधाला बांध असलेल्या काकांच्या शेतात पोलीस आले होते. झाडं उपटून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरली, काकांना मागे बसवलं. भारताच्या 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात बी आणि पान यांना गांजा म्हणत नाहीत, भांग त्याच फटीतून चालते. पण झाड लावलं तर 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. त्या घरातल्या काकू पुढची कितीतरी वर्षं आमच्या आईकडे उसने पैसे मागायला यायच्या. बी निर्दोष आणि झाड गुन्हा, हे मी अमेरिकेत शिकले नाही. तुमच्याशी बोलताना माझ्या डोळ्यांपुढे ती ट्रॉली होती. हे फोनवर नीट सांगता आलं नाही, त्याऐवजी मी ओरडले.

आणखी एक, जे मी प्रत्येक देशी गिऱ्हाइकाला सांगते आणि ज्याला तुम्ही लेक्चर म्हणालात. आपल्यातले कितीतरी लोक व्हिसा, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप अशा कुठल्या ना कुठल्या रांगेत असतात. तुम्ही आहात की नाही मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. पण इमिग्रेशन बघतं केंद्र सरकार, आणि त्यांनी एप्रिल 2019 मध्ये लेखी सांगितलंय की राज्यात परवानगी असली तरी गांजाशी संबंधित गोष्ट नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकते. त्यावर न्यू जर्सीचा गुन्हा दाखल झाला तर? 59 डॉलरच्या पाकिटापायी कोणाची पंधरा वर्षांची रांग मोडावी असं मला वाटत नाही. मी स्वतः त्या रांगेत उभी राहिले आहे.

किमतीबद्दल एकच सांगते. पाच बियांना 59 डॉलर म्हणजे लूट, मेथीचं पाकीट दोन डॉलरला येतं, असं तुम्ही लिहिलंय. मेथी आमच्याकडेही दोन डॉलरलाच आहे, गवार आणि वालपापडीही. फेमिनाइज्ड बी तयार करताना मादी झाडावर चांदीचं द्रावण फवारून तिच्याकडून पराग काढावा लागतो, मग जवळजवळ सगळ्या बिया मादी निघतात. साध्या बियांत निम्मी झाडं नर निघतात आणि नराला तुम्हाला हवी ती फुलं येत नाहीत. पैसे त्या मेहनतीचे आणि लॅबच्या तपासणीचे आहेत.

आता ‘फसवणूक’. आमचं दुकान कार्डावर चालतं. गांजाच्या बिया विकतो म्हणून एका कार्ड कंपनीने आमचं खातं आधीच बंद केलंय, दुसरी दुप्पट फी घेते. अशा कंपन्या रिव्ह्यू वाचतात, आणि तो एक शब्द त्यांच्या डोळ्यांत पहिला भरतो. त्यात नोव्हेंबर 2025 मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, हेंपची व्याख्या बदलली. ज्या झाडात टीएचसी जास्त, त्याचं उगवणारं बी यापुढे हेंप नाही, आणि हे वर्षभराने लागू होईल असं त्यात लिहिलंय. म्हणजे डीईएचं ते पत्र ज्यावर टेकलेलं होतं तो खांबच निघणार. दुकानात आम्ही दोघं नवरा-बायको आणि एक मदतनीस मुलगी, एवढीच माणसं. मेथी-गवारीवर भाडं निघत नाही. आत्ताच्या दिवसांत एक चुकीचं पार्सल गेलं तर आम्ही संपलो. तुम्हाला ते घाबरणं वाटलं, वाटू दे.

आमची चूक कुठे झाली तेही लिहिते. वेबसाइटने न्यू जर्सीचा पत्ता घ्यायलाच नको होता. कुठल्या राज्यांत बिया पाठवत नाही त्याची यादी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे, ती कोणी वाचत नाही हे मला माहीत आहे. भाचा सुट्टीत आला की त्याच्याकडून पिनकोडवर अडवणारी काहीतरी सोय करून घेते. परताव्याचंही बघतो आहोत, लवकर कसं होईल ते. फोन यापुढे बहुतेक मदतनीस मुलगी घेईल, ती माझ्यापेक्षा शांत आहे.

3 डॉलर 54 सेंट आज सकाळी आमच्या खात्यातून तुम्हाला पाठवलेत, दिसायला दोन-तीन दिवस लागतील. एक स्टार ठेवायचा तर ठेवा, घाबरट, महाग, लेक्चर देणारी, सगळं ठेवा. फक्त तो शब्द तेवढा काढता आला तर बघा. पैसे सगळे परत आलेत आणि तुमच्या नावावर कुठे काही नोंद नाही.