आधी ते घुंगरू काढा

आज एका हस्तकला प्रदर्शनात जे पाहिलं त्यानं डोकं अजून तापलेलं आहे. पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

रस्त्यावरून घरी आणलेल्या कुत्र्यांवरून सुचलेल्या हातकामाचा एक स्टॉल होता. मांडणी देखणी. पैठणीच्या काठाचे पट्टे, आत इलॅस्टिक, खाली घुंगरू. एका तरुण जोडप्यासोबत नुकतंच दत्तक घेतलेलं तपकिरी गावठी कुत्रं होतं. त्यांनी तिथेच त्याचा जुना पट्टा काढून नवा घातला, लीशही (फिरवायची दोरी) त्यालाच अडकवली आणि फोटो काढले. कुत्र्याचे कान डोक्याला चिकटलेले, शेपूट पोटाखाली. घुंगरू वाजलं की दचकून मागे बघायचं. गेटपाशी कुणीतरी मोटरसायकलला किक मारली. कुत्रं मागे सरकलं, मान खाली घातली, इलॅस्टिक ताणलं गेलं आणि पट्टा रिकामा लोंबकळत राहिला. कुत्रं थेट रस्त्यावर, दुचाकींच्या मध्ये.

वाचलं ते, काळजी करू नका. पण कुत्र्यावर प्रेम आहे म्हणून शिवलेली वस्तूच त्याच्या जिवावर उठली, हे मला काही केल्या गिळवत नाही. कुत्र्यांसाठी हातकाम करणाऱ्या आपल्यातल्या कुणाला हे पटवून द्यायची गरज नाही, तरी लिहिते, कारण दिवाळीच्या आधी आपल्यातलेच कितीतरी जण असल्या वस्तू शिवायला आणि विकायला बसतात.

कुत्र्याला पट्टा शिवायचा तर टेप आधी त्याच्या अंगाला लावा, साडीचा काठ नंतर निवडा. गावठी कुत्र्याचं डोकं निमुळतं आणि मान भरलेली. साधा पट्टा दोन बोटं सैल ठेवला तरी कुत्रं घाबरून मागे सरकलं की तो कानांवरून सुळकन निघतो. यावर उपाय मार्टिंगेल, म्हणजे ओढलं की आवळणारा पट्टा. एक मोठी पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना आयताकृती कडी, त्या दोन्ही कड्यांतून ओवलेला छोटा फास आणि त्या फासावर डी आकाराचं कडं. लीश त्या डी कड्यात. कुत्रं मागे ओढलं की छोटा फास दोन्ही कडी जवळ आणतो, पट्टा डोक्यापेक्षा लहान होतो आणि निघत नाही. ओढ थांबली की पुन्हा सैल.

माप कानांच्या अगदी मागे, मानेच्या वरच्या भागात घ्या, गळ्याच्या खाली नाही. समजा मान ३८ सेंटिमीटर भरली आणि डोक्याचा सगळ्यात रुंद भाग ४० भरला. मग मोठी पट्टी कड्यांसकट तयार झाल्यावर ३५ हवी, म्हणजे पट्टा आवळल्यावर दोन कड्यांमध्ये दोन बोटांची जागा उरते. कडी एकमेकांना टेकली तर पट्टा सैल आहे, उसवा. दोन्ही टोकं दुमडायला पाच-पाच सेंटिमीटर धरून पट्टी ४५ कापा. छोट्या फासाला २० पुरतात, त्यात चार एकमेकांवर शिवण्यात जातात. फास पुरता सैल सोडला की पट्टा ४३ पर्यंत उघडतो आणि डोक्यावरून जातो. फास आधी दोन्ही कड्यांतून आणि डी कड्यातून ओवा, पीळ पडलेला नाही हे पाहा आणि मगच टीप मारा. नव्वद टक्के लोक आधी टीप मारतात आणि मग उसवत बसतात.

पट्टी पॉलिएस्टरची, २५ मिलिमीटर रुंद, बॅगा शिवणारे वापरतात ती. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास सहज मिळते. सुती नवार हाताला छान लागते हे कबूल, पण पावसाळ्यात ती दिवसभर ओली राहते आणि मानेखालची कातडी लाल होऊन केस जातात. शिवाय पहिल्या धुण्यात आटते, तेव्हा नवारच वापरायची असेल तर धुऊन मग कापा. पॉलिएस्टरची टोकं मेणबत्तीवर धरून वितळवा आणि वितळलेली कड आत जाईल अशी दुमडा. ती कडक होते, बाहेर राहिली तर गळा खरवडते.

दोराही पॉलिएस्टरचा, बॅगेचा. सुती दोरा पावसानं कुजतो. वरून टीप शाबूत दिसते आणि एका हिसक्यात सुटते. जोड मारताना चौकोन आणि त्यात फुली, दोनदा. घरच्या मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई लावा आणि जाड जागी पायडल सोडून चाक हातानं फिरवा, नाहीतर सुई मोडते. कडी घेताना सांधा बघा. नुसती वाकवून जोडलेली तार जोराच्या झटक्यात उघडते. सांधा वेल्ड केलेलंच कडं घ्या, महाग पडलं तरी.

पैठणीचा काठ लावायचाच असेल तर या पट्टीवर वरून लावा. भार पट्टीनं घ्यायचा, काठानं नाही. आणि सोनेरी जर असलेला काठ नको. तिचे धागे सुटतात, मानेत टोचतात, कुत्रं पायानं खाजवून ते ओढतं.

आता घुंगरू. कुत्र्याचं ऐकणं आपल्यापेक्षा किती तीक्ष्ण असतं हे आपण जाणतोच. हाकलला गेलेला, फटाक्यांनी भेदरलेला जीव, त्याच्या कानाखाली चार इंचांवर दिवसभर खुळखुळ! आजच्या त्या कुत्र्याचं बिथरणं मोटरसायकलनं सुरू झालं नव्हतं, ते घुंगरू घातल्या क्षणापासून सुरू होतं. सगळ्यांसमोर चाललं होतं. कुणी बघितलं नाही, कारण सगळे फोटोत बघत होते.

बरं, स्टॉलवाल्या बाईंचं पोट त्यावर आहे, त्या वाईट हेतूनं विकत नाहीत, मान्य. कारखान्यातले पट्टेही काही सगळे चांगले नसतात. पण म्हणून लेबल लावायला काय हरकत आहे? ‘शोभेचा आहे, लीश लावू नका’ एवढी एक ओळ त्या पट्ट्यावर असती तर ते कुत्रं रस्त्यावर गेलं नसतं.

हेही सांगते की मार्टिंगेल हा काही रामबाण नाही. काही कुत्री तोंडावरून काहीही सरकवलं की गोठतात, कारण कधीतरी कुणीतरी त्यांच्या डोक्यात पोतं घातलेलं असतं. त्यांच्यासाठी मोठ्या पट्टीत पत्र्याचं बक्कल बसवा, म्हणजे पट्टा मानेला बाजूनं लावता येतो. नवीन कुत्र्याला पहिले काही महिने हार्नेस (छातीभोवती घालायचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा, दोन्हीला लीश. हार्नेस मात्र विकतचा घ्या. छातीचा उतार आणि काखेची जागा घरी जमवणं कठीण असतं, काखेत घासून जखम होते. आणि घरी आल्यावर मार्टिंगेल काढून ठेवा. दोन कुत्री खेळताना एकाचा दात दुसऱ्याच्या फासात अडकला तर पीळ बसत जातो.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी रात्री चमकणारे पट्टे शिवता ना, ते थोर काम आहे, त्यांनी गाडीखाली येणारे जीव वाचतात. पण तिथलं गणित याच्या बरोबर उलटं. घरच्या कुत्र्याचा पट्टा कुठल्याही परिस्थितीत सुटता कामा नये. गल्लीतल्या कुत्र्याचा पट्टा कुंपणात अडकला तर सुटलाच पाहिजे, कारण सोडवायला तिथं कुणी नसतं. म्हणून त्याला बक्कल नको, पाच सेंटिमीटरचं वेल्क्रो पुरे. चमकपट्टी चिकटवायची नको, शिवायची घ्या. टीप कडेपासून दोन मिलिमीटरवर, टाका तीन ते चार मिलिमीटर लांब. टाके बारीक घातले की चमकपट्टी पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांवर फाटते.

आणि पिल्लांना नाही म्हणजे नाही. पिल्लू महिन्याभरात वाढतं, पट्टा वाढत नाही. तो मानेत रुततो, वर कातडी येते, जखमेत अळ्या पडतात. ज्यांनी एकदा तो वास घेतलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पिल्लाच्या गळ्यात पट्टा घालून निघून जाणं हा भूतदयेचा प्रकार नाही.

पुरे. जरा शांतपणे गोधडीबद्दल लिहिते, कारण यात आपल्या आज्यांनी सगळं आधीच करून ठेवलंय.

गल्लीतून आलेल्या कुत्र्यासाठी घरात याहून चांगली वस्तू नाही. मध्यम अंगाच्या, पंधरा-वीस किलोच्या कुत्र्याला ९० बाय ७० सेंटिमीटर पुरते. जुन्या सुती साड्यांचे पाच ते सात थर, वरचा आणि खालचा थर अखंड, मधल्यांना ठिगळं चालतात. सिंथेटिक साडी मधेही घालू नका, थर सरकतात आणि उन्हाळ्यात तापते. आधी चारी बाजूंनी मोठे कच्चे टाके, मग कडेकडून मध्याकडे धावदोरा, ओळींत दोन सेंटिमीटर अंतर, टाका पाच मिलिमीटरच्या वर नाही. लांब टाक्यात नख अडकतं, नख अडकलं की ओढाताण, ओढाताण झाली की दोरा हातभर बाहेर. तो दोरा गिळला गेला आणि त्याचं एक टोक वर जिभेखाली किंवा जठरात अडकून राहिलं, तर आतडं त्यावर चुण्या पडत गोळा होतं आणि दोरा आतून कापत जातो. तिथं ऑपरेशनच करावं लागतं. म्हणून गाठी दोन थरांच्या मध्ये लपवा आणि गोट दुहेरी शिवा. बटणं, टिकल्या, आरसे काही नको.

आणखी एक. ट्रंकेतली साडी काढली की तिला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. नॅफ्थलीन कुत्र्याला विषारी आहे. साडी दोनदा धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, वास पूर्ण गेल्याशिवाय कापायला घेऊ नका. सुगंधी सॉफ्टनरही नको.

गोधडी खोलीच्या मध्यात घालू नका. भिंतीला लागून कोपऱ्यात घाला, जिथून दार दिसतं आणि पाठीमागे कुणी येऊ शकत नाही. कुत्रं पहिले काही दिवस तिच्याकडे बघणारही नाही, शेजारी फरशीवर झोपेल. जबरदस्ती करू नका. मग एका रात्री पंजे खरवडून, गोल गोल फिरून, गोधडीचा पार चुरगळा करून त्यात नाक खुपसून झोपेल. तेव्हा ती सरळ करायला जाऊ नका. दोन शिवा, म्हणजे एक धुतली तरी दुसरीला त्याचा स्वतःचा वास असतो.

आणि आता जे आठवून पुन्हा संताप आला ते. त्याच स्टॉलवर पंजाचा ठसा घ्यायचं किट होतं, मैदा आणि मीठ मिसळलेलं. कणकेसारखा गोळा, खारट, जमिनीलगत! गल्लीत वाढलेलं कुत्रं मिळेल ते गिळतं. त्यात मिठाचं प्रमाण एवढं असतं की छोटा गोळा खाल्ला तरी उलट्या, थरथर, झटके येऊ शकतात, जीवही जातो. पंजा थेट ओल्या पीओपीत दाबायची दुसरी पद्धत तितकीच वाईट, घट्ट होताना पीओपी तापतं आणि चटका बसतो.

आपल्याकडे शाडू आहे ना! गणपतीनंतर उरलेला असतोच कुणाकडेतरी. चांगला मळून त्यात थोडा कापूस मिसळा, चिरा कमी पडतात. दीड सेंटिमीटर जाड पोळी थापा. पंजा कोमट पाण्यानं धुऊन कोरडा करा, बोटांमधले लांब केस आधी कापा. कुत्रं उभं असताना त्याच्याच वजनानं पंजा दाबू द्या, वरून जोर लावू नका. पंजा उचलला, धुतला, कुत्रं गेलं खेळायला. उंचावलेला पंजा हवा असेल तर आता त्या साच्यात पीओपी ओता: एक वाटी पाणी, त्यात दोन वाट्या पीओपी हळूहळू भुरभुरवून. पाणी पावडरीत ओतलं तर गुठळ्या होतात. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, पाइप कायमचा तुंबतो. नुसता शाडूचा ठसा ठेवायचा असेल तर सावलीत ओल्या फडक्याखाली वाळवा. उन्हात ठेवला की रात्रीपर्यंत मधोमध तडा. वाळताना तो आकसतो, ठसा खऱ्या पंजापेक्षा लहान दिसणार, घाबरू नका.

कुत्र्याच्या केसांचं सूत काततात ते परदेशी व्हिडिओ मला पाठवणं आता थांबवा. त्यांना लांब, मऊ केसांची कुत्री लागतात. आपल्या गावठी कुत्र्याचा केस बोटाच्या पेरापेक्षा फारसा मोठा नसतो, त्याला पीळ धरत नाही.

शेवटचं, भरतकाम. त्या स्टॉलवर रिंगेत भरलेली कुत्र्यांची चित्रं होती, हात खरंच सुरेख होता बाईंचा. पण एकाही कानाला खाच नव्हती. नसबंदी करताना, कुत्रं भुलीत असतानाच कानाची टोकाकडची कड व्ही आकारात कापतात, म्हणजे ते पुन्हा पकडलं जाऊ नये. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २००१ च्या नियमांत ही कानावरची खूण होती, २०२३ च्या नियमांतही आहे. नसबंदी झाली, रेबीजची लस मिळाली, हे त्या कानावर लिहिलेलं असतं. आणि गिऱ्हाईक येऊन सांगतं, ‘ताई, तेवढा कान पूर्ण करा, छान दिसेल.’ नाही करायचा. आधी कानाची बाह्यरेषा खाचेसकट पेन्सिलीनं काढा. एकेरी दोऱ्यानं कडेला साखळी घाला, खाचेच्या दोन्ही कडांना थोडी गडद छटा, कारण तिथं केस आखूड असतात आणि कातडी दिसते. मग दोन पदरी दोऱ्यानं केसांच्या दिशेनं, कानाच्या मुळाकडून टोकाकडे लांब-आखूड टाके. खाचेत दोरा नाही, तिथं खालचं कापडच दिसू द्यायचं. गिऱ्हाईक अडून बसलं तर आगाऊ घेतलेले पैसे परत करा.