ऑसबोर्न हाउसबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

इंग्लंडच्या सहलीला तुम्ही दोन स्टार दिलेत आणि कारणही स्पष्ट लिहिलंत. राहणं, जेवण, बस याबद्दल तुमची तक्रार नाही. तक्रार आहे ती आइल ऑफ वाइट या बेटावरच्या ऑसबोर्न हाउसची, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या घराची. "राणीचा राजवाडा बघायला म्हणून गेलो आणि निघाला सिमेंटचा गिलावा केलेला बंगला. दगडसुद्धा खोटा. गाइडने दरबार रूममध्ये नको तितका वेळ घालवला. भारतीय नक्षीच बघायची तर राजस्थान काय वाईट? बोटीत बसून इंग्रजांची भलामण ऐकायला कशाला जायचं?" असं तुम्ही लिहिलंय. या घरासाठी आम्ही सहलीतला अख्खा दिवस राखून ठेवतो, तेव्हा तो का, हे सांगायला हवं.

आमच्या माहितीपत्रकात 'व्हिक्टोरिया राणीचं खासगी घर' असंच छापलेलं आहे. बकिंगहॅम आणि विंडसर हे राजगादीचे वाडे. तिथे नवरा-बायको आणि पोरं यांना स्वतःचं असं काही नव्हतं. म्हणून 1845 मध्ये राणी आणि तिचा नवरा प्रिन्स आल्बर्ट यांनी ही जागा स्वतः विकत घेतली, तिथलं जुनं घर पाडलं आणि नवं उभारलं. समोरची सोलेंटची खाडी पाहून आल्बर्टला नेपल्सच्या उपसागराची आठवण व्हायची, म्हणून घर इटालियन व्हिलाच्या धाटणीचं झालं: सपाट छपरं, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या गच्च्या आणि दोन उंच मनोरे. आल्बर्टने वास्तुविशारद नेमलाच नाही. लंडनचा बांधकाम व्यावसायिक थॉमस क्यूबिट याला हाताशी धरून त्याने स्वतः आराखडे केले. 1846 च्या सप्टेंबरात कुटुंब मुख्य भागात राहायलाही आलं. बाकीच्या इमारती 1851 पर्यंत पुऱ्या झाल्या.

आता गिलाव्याचं. भिंती विटांच्या आहेत, वर सिमेंटचा गिलावा आहे आणि त्यावर दगडांचे सांधे वाटावेत अशा रेघा मारल्या आहेत, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण सर, याच अभिप्रायात तुम्ही लंडनच्या ईटन स्क्वेअरमधल्या पांढऱ्या घरांचं तोंडभरून कौतुक केलंय. त्यातलीही बरीचशी क्यूबिटचीच आणि तीही गिलाव्याचीच. ही त्या काळाची पद्धत होती. विटांचं काम भराभर उठायचं आणि खर्च आटोक्यात राहायचा. आगीला अटकाव म्हणून आत लोखंडी तुळया घातल्या. 1840 च्या दशकात राणीच्या घरात हे बांधकाम होत होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आणि घर खरं कळतं ते आत गेल्यावर. ड्रॉइंग रूम आणि तिला काटकोनात जोडलेली बिलियर्ड्सची खोली आठवा. मध्ये भिंत नाही, नुसते खांब आहेत. राणीसमोर दरबारी माणसांनी बसायचं नाही, असा रिवाज होता. कोपऱ्यापलीकडे बिलियर्ड्सच्या बाजूला असलेली मंडळी हजर तर असायची, पण राणीच्या नजरेआड, त्यामुळे त्यांना खुशाल बसता यायचं. रिवाज मोडायचा नाही आणि माणसांना ताटकळतही ठेवायचं नाही, यासाठी खोलीच वळवून टाकली! वरच्या मजल्यावर राणी आणि आल्बर्टची दोन टेबलं शेजारी शेजारी आहेत, तीही तुम्ही पाहिलीत. 22 जानेवारी 1901 ला राणी वारली ती याच मजल्यावर.

दरबार रूममध्ये आम्ही वेळ काढतो, तो मुद्दाम. भारतीय नक्षीने मढवलेली ही खोली 1890-91 ची. काम सोपवलं होतं जॉन लॉकवुड किपलिंग यांच्याकडे. हे गृहस्थ 1865 पासून दहा वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा फुले मंडईच्या प्रवेशद्वारावरची शिल्पं त्यांचीच. पुढे ते लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे त्यांना भाई रामसिंग हा विद्यार्थी मिळाला. पंजाबातल्या सुताराच्या घरातला मुलगा. ऑसबोर्नला येऊन प्रत्यक्ष नक्षी उभी केली ती रामसिंगांनी. त्याआधी राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या बॅगशॉट पार्कमधल्या बिलियर्ड्स रूमसाठीही या गुरुशिष्यांनी काम केलं होतं. हा ड्यूक 1886 ते 1890 या काळात बॉम्बे आर्मीचा सरसेनापती होता आणि पुण्यात राहायचा, त्यामुळे पुणेकरांना तो परका नाही.

मान वर करून ते छत बघितलंत ना? ते ना संगमरवर, ना लाकूड. इथली नक्षी म्हणजे प्लास्टर आणि कागदाचा लगदा यांचं ओतकाम आहे. इतक्या खोल कोरीव पट्ट्या, चौकटीत चौकट आणि फायरप्लेसवर पिसारा फुलवलेला मोर, हे सगळं असल्या हलक्या मालातून निघालंय. मालाला खोटा म्हणावं की हाताला दाद द्यावी? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे.

राजस्थानात सुंदर काम उदंड आहे, मान्य. पण तिथे कारागिराचं नाव कितीदा सापडतं? इथे दरबार रूमकडे जाणाऱ्या बोळात स्वोबोदा या चित्रकाराने काढलेलं खुद्द रामसिंगांचं चित्र टांगलंय. शेजारी 1886 च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी नेलेल्या कारागिरांची चित्रं आहेत. त्यात पिकलेल्या दाढीचा बक्षीराम कुंभार आहे. या कारागिरांतले कितीतरी जण आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते, हेही आमचा गाइड तिथेच सांगतो. यात भलामण कुठे आली? राज्य कुणाचं होतं आणि हात कुणाचे होते, हे एकाच बोळात दिसतं, म्हणून आम्ही तिथे थांबतो.

वास्तू ग्रेड वन म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीत संरक्षित आहे. परवानगीशिवाय तिथे बदल करणं हा गुन्हा ठरतो. त्यामुळे नूतनीकरण करून चकचकीत का केलं नाही, असं कुणी विचारलं तर ते आमच्या हातातलं नाही, आणि असता तरी मी ते होऊ दिलं नसतं.

तुमच्या आईंना चालायचा त्रास होता, म्हणून तुम्ही ऑसबोर्नच्या आवारातल्या स्विस कॉटेजकडे, म्हणजे राणीच्या मुलांच्या छोट्या घराकडे, आला नाहीत. राजपुत्र-राजकन्यांनी तिथे भाजीचे वाफे केले होते आणि आल्बर्ट ती भाजी बाजारभावाने त्यांच्याकडून विकत घ्यायचा. आईंना ते नक्की आवडलं असतं.

पुढच्या वर्षीच्या सहलीतही ऑसबोर्नचा दिवस पूर्ण राहील. ज्यांना घराऐवजी लंडनमध्ये मोकळा दिवस हवा असेल त्यांनी बुकिंग करतानाच सांगावं, म्हणजे त्यांच्या बोटीचं आणि प्रवेशाचं तिकीट आम्ही काढणार नाही आणि तेवढे पैसे कमी लावू.